दाट पेरलेला मुळा

जर्मनीच्या लढाईमुळं सूत यायचं बंद झालं आणि वडगावातल्या विणकर गल्लीचे माग थांबले. ताणा पसरायचं मैदान ओस पडलं, तेव्हा त्याच्या एका कडेला गल्लीनं मिळून भाजीचा मळा लावायचं ठरवलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या विणकरणीनं, बायाक्कानं, मुळ्याचं बी इतकं दाट पेरलं, की रोपांत बोट शिरेना. विरळ लुगडं विणणाऱ्याची तिनं जन्मभर सालटी काढली होती. हातच तसा बसलेला.

पाला तरारला, पण खाली मुळा काही धरेना. शेतकऱ्याघरून आलेली तिची सून अंजनी म्हणाली, "आत्ती, निम्मी रोपं उपटाय पायजेत. न्हायतर एकबी पोसायचा न्हाय."

"जित्तं रोप उपटू व्हय गं? हात झडतील माझं!" बायाक्का कडाडली.

पण चार दिवसांनी आपणच वाफ्यात बसली आणि पुटपुटत, रोपांची माफी मागत, एकाआड एक उपटत गेली. त्या पाल्याची भाजी गल्लीभर शिजली. राहिलेले मुळे मनगटाएवढे झाले.

दिवाळीच्या तोंडावर सूत आलं, पण थोडंच. घरटी वाटलं तर कुणाचंच लुगडं पुरं होईना. काही माग बंद राहिले तरच बाकीचे चालणार होते; पण कुणी बंद ठेवायचा, हे गल्लीच्या बैठकीत बोलायला कुणाची जीभ रेटेना. गल्लीचे पंच अप्पासाहेबही सुताच्या लडी पुन्हा पुन्हा मोजत राहिले.

बायाक्का उठली. तिनं पदर खोचला.

"तोंडं पाडून काय बसलायसा? पयला माझा माग उपटा," ती म्हणाली, "मी मळा बघते."