अजिबात नाही

शिंपीणबाईंचं अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमोचे सहा डोस झाले, आणि त्यालाही आता आठ महिने होत आले होते. दर तपासणीला डॉक्टरांच्या आधी एक फॉर्म भरावा लागे. झोप लागते का, बोटांना मुंग्या येतात का, नवऱ्याजवळ जावंसं वाटतं का. उत्तराला चार चौकोन: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. मागच्या दोन्ही वेळा बाईंनी डोळे झाकून सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खूण केली होती, अगदी ‘भूक लागते का’ यापुढेसुद्धा.

या खेपेला मात्र लपवण्यासारखं खरंच काही होतं. तीन आठवड्यांपूर्वी झगा कमरेला काचू लागला. दुकानाचं दार लोटून त्यांनी स्वतःला टेप लावली. दोन इंच जास्त. आठ दिवसांनी आणखी दीड. गॅस असेल, अशी मनाची समजूत घालत त्यांनी दोन झगे गुपचूप उसवून सैल केले.

आज त्या चष्मा घरीच विसरल्या होत्या, म्हणून फॉर्म नणंद वाचत होती.

“वहिनी, पोट फुगल्यासारखं वाटतं का?”

“अजिबात नाही. पुढचं वाच.”

नणंदेचा हात हलेना. “तुमचे झगे उसवलेले मी पाहिलेत. इतकी वर्षं तुमच्याच दुकानात काजं-बटणं करते मी. शिवण कळत नाही होय मला?”

“लिहू नकोस गं,” त्या पुटपुटल्या. “एकदा कागदावर आलं की पुन्हा ती खोली, पुन्हा त्या सुया. या वेळी मी त्यातून उठायची नाही.”

“मग बोलला का नाहीत? एका घरात राहतो आपण.”

“बोलले असते तर खरं झालं असतं.”

नणंदेने पेन त्यांच्या हातात दिलं. “खोटं माझ्याच्याने लिहवणार नाही. तुम्हीच काय ते करा.”

बाईंनी कशीबशी शेवटच्या चौकोनात खूण केली. खूप.

नर्सने कागद घेतला, उभ्या उभ्या नजर फिरवली आणि गठ्ठ्यात न ठेवता तडक आत गेली. बाईंच्या आधी अजून सात नंबर होते. तरी नाव त्यांचंच पुकारलं गेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, बोटांनी वाजवून पाहिलं. “कधीपासून?”

“तीन आठवडे.”

“आत पाणी साचलंय. सोनोग्राफी आत्ताच करून घेऊ.”

“परत आलंय का?”

“तसं वाटतंय. बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही.”

पुढचे दोन तास बाईंनी नणंदेचं मनगट सोडलं नाही, वळ उठले तरी. संशय खरा ठरला. संध्याकाळी नळी घालून साडेतीन लिटर पाणी काढलं. नवं औषध सोमवारी सुरू करायचं ठरलं. ते लागू पडेल का, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारायचा धीर केला नाही.

पोट हलकं झाल्यावर त्यांना कुशीवर वळता आलं. नणंद खुर्ची ओढून शेजारी बसली.

“भीती वाटतेय?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तू जाऊ नकोस.”

“कुठे जातेय मी,” असं म्हणत तिने त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं.