मावशीची पट्टी

बबडीला बँडमध्ये आणलं ते तिच्या मावशीनं. "पोरीचा कान फार तिखट आहे, एकदा काम देऊन तर बघ," म्हणून तिनं कप्तानामागे भुणभुण लावली होती. कप्तान म्हणजे गिटार वाजवणारा, बँड त्याचा. मावशी त्यात बरीच वर्षं मागे उभी राहून मुख्य गायिकेला साथ द्यायची. शेवटी कप्तान पाघळला आणि बबडी साउंडवाली झाली.

काम तिला आवडायचं. मिक्सर स्टेजच्या मागे ठेवायचा आणि आपण टॅबलेट घेऊन हॉलभर हिंडायचं. वायरींचा जाच नाही. शेवटच्या खुर्चीपाशी ड्रम जड वाटला, की तिथंच उभ्याउभ्या बोटानं हलका करायचा. पडद्यावर प्रत्येक माइकची एक उभी पट्टी; वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. कोणाच्या कानातल्या इअरफोनमध्ये काय सोडायचं, तेही वेगळं ठरवता येतं.

घोळ झाला तो याच सोयीमुळे.

मध्यंतरी झालेल्या गळ्याच्या ऑपरेशननंतर मावशीचा आवाज वरच्या सुरांत कापायला लागला. कप्तान एकदा बबडीला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशींना जरा मागे ठेव. कमी कर थोडं." तिनं कमी केलं. तरी एखादा सूर बोचायचाच. दर ओळीला बोट खालीवर करत बसण्यापेक्षा एका कार्यक्रमात तिनं हॉलमध्ये जाणारा मावशीचा आवाज बंदच करून टाकला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग तीच सवय पडली. मावशीच्या कानात मात्र तिचा स्वतःचा आवाज, थोडा घुमारा घालून, गोड करून सोडलेला.

"आज गळा काय लागला होता गं! कसं झालं?" मावशी विचारायची.

"मस्त झालं," बबडी म्हणायची, आणि मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागायची.

एका दुपारी एका जोडप्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. जोडप्यातल्या आजींनी हौसेनं एका जुन्या गाण्याची फर्माईश केली. मुख्य गायिकेला ते येत नव्हतं.

"मला येतं की!" म्हणत मावशी पुढे झाली. माइक बिनवायरीचा, त्यामुळे ती सरळ पायऱ्या उतरून आजींच्या टेबलापाशीच गेली.

बबडी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. पट्टी वर करायला हवी, हे तिला कळत होतं. बोटही पट्टीवर होतं. पण एवढ्या लोकांत आवाज कापला तर? या विचारात गाणं सुरूसुद्धा झालं. मावशी डोळे मिटून गात होती, ओठ हलत होते, आणि हॉलमध्ये नुसती गिटार.

आजी कानामागे हात धरून पुढे झुकल्या. "अहो, गिटारपुढे काहीच ऐकू येत नाहीये!"

मावशीनं डोळे उघडले. इअरफोन काढला, माइकवर टकटक केलं. मग हसत हसत तिनं बबडीला हातानं खूण केली, वर घे. माइक बिघडला असंच तिला वाटलं असणार.

बबडीनं घाबरून पट्टी झटक्यात वर नेली. मावशी नेमकी स्पीकरच्या पुढ्यात. माइकनं कर्कश शिट्टी मारली. लोकांनी कान झाकले, कोणीतरी फिदीफिदी हसलं. बबडीनं पट्टी पुन्हा पार खाली ओढली.

"माफ करा हं," मावशी आजींना म्हणाली. माइक टेबलावर ठेवला, आजींचा हात हातात घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकून उरलेलं गाणं तसंच म्हटलं. आजी मान डोलवत होत्या. बबडीपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना मावशी जवळ आली. "तो माइक बदलून घे गं."

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण बबडीच्या तोंडून निघून गेलं, "माइक चांगला आहे. मीच बंद ठेवला होता."

"म्हणजे? आज?"

"बरेच दिवस." आणि मग घाईघाईनं, "कप्तानानं सांगितलं होतं."

कप्तान मागेच गिटार पेटीत ठेवत होता. "मी कमी कर म्हणालो होतो, मावशी," तो हळूच म्हणाला. "बंद कर नव्हतो म्हणालो."

बबडीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"कमी केलंस ते मी समजून घेतलं असतं," मावशी म्हणाली. "पण मी दर वेळी तुला विचारत होते गं, कसं झालं म्हणून." तिनं पिशवी उचलली आणि ती गेली.

पुढच्या आठवड्यात जेवताना आई म्हणाली, "मावशीचा फोन होता. म्हणाली, बबडी फार मन लावून काम करते." बबडीनं हातातला घास ताटात ठेवला. मावशी ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर सोपं गेलं असतं. तशीच ताटावरून उठून, कामाची पिशवी खांद्याला अडकवून ती मावशीकडे गेली.

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "टॅबलेट आणलायस? प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवता येतो म्हणतात. माझा ऐकव."

"नको ना, मावशी."

"ऐकव म्हणते ना."

मावशीनं हेडफोन लावून एका कार्यक्रमात साठवलेलं अख्खं गाणं ऐकलं. बबडी फरशीकडे बघत बसली.

"बाप रे," मावशी हेडफोन काढत म्हणाली. "हे तू एवढे दिवस एकटीच ऐकत होतीस?"

बबडीला रडू फुटलं.

"ए, रडायचं काम माझं आहे. गप बस." मावशी घोटभर पाणी प्याली. "सूर दोन पट्ट्या उतरवून म्हणून बघते." आणि तिनं तिथंच, मांडीवर घडी घातलेला टॉवेल तसाच ठेवून, गाणं म्हटलं. "आता कसं?"

मस्त, हा शब्द बबडीच्या अगदी ओठांवर आला होता. "शेवटच्या ओळीत अजून कापतोय," ती म्हणाली.

"बरं. आणखी एक खाली."

मावशीनं पुन्हा सुरू केलं. बबडीला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं ढिगातला एक सदरा ओढून घेतला आणि घडी घालत ऐकत राहिली.