गळका नळ आणि साळुंक्या

"याचीही उजवी बाजू पडलेली आहे," असं म्हणत त्याने हेडफोन उतरवून काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने सुस्कारा गिळला. सकाळपासून त्याने तीन रेकॉर्डर उघडून दाखवले होते. पहिल्यात गिऱ्हाइकाला खरखर सापडली, दुसरा खांद्याला जड झाला. हा तिसरा हलका होता, अंगातच बसवलेले दोन माइक आणि वाऱ्याची घरघर अडवायला वर केसाळ टोपी. दुकानामागच्या अंगणात नेऊन दोघांनी तिथले आवाज टिपून चाचणीही घेतली होती. तिथे डावीकडच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या आणि उजवीकडे नळ गळत होता.

"साळुंक्या आहेत ठणठणीत. नळ कुठे गेला?"

"साहेब, मला दोन्ही सारखेच ऐकू आले."

"तुम्हाला येणारच. माल गळ्यात मारायचाय ना."

बोलणं लागट होतं, ते त्यालाही कळलं. पण आवाज टिपण्यात जन्म गेलेल्या माणसाला कोण फसवणार? कालच्या दोन्ही दुकानांतही उजवी बाजूच पडलेली निघाली होती. हे सगळे आतून एक आहेत, कुठला तरी टाकाऊ माल खपवताहेत, अशी त्याची खात्री होत चालली होती. आणि परवा पाणथळीवर जायचं होतं. संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी तिथली पहाट टिपायची होती. बगळा इकडून उडाला आणि तिकडे उतरला, हे ऐकणाऱ्याला डोळे मिटून कळलं पाहिजे. तरुण पोरं रांगेत असताना हे काम त्याने भांडून मिळवलं होतं.

उजवीकडे स्टुलावर बसलेली बायको काहीतरी पुटपुटली. हल्ली ती पुटपुटायचीच. उन्हाळ्यापासून तिचं वागणं त्याला खटकत होतं. जेवणाच्या टेबलावरची इतक्या वर्षांची खुर्ची तिने सोडली, फिरायला जाताना चालायची बाजू बदलली. विचारलं तर म्हणे, "असंच." असंच कुणी काही करतं होय? तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती.

दुकानदाराने स्वतः पुन्हा ऐकलं, मान हलवली आणि हेडफोन परत दिला. त्याने तो तावातावाने डोक्यावर चढवला.

नळ ठिबकत होता. थेंब न् थेंब स्वच्छ, अगदी डाव्या कानाशी. साळुंक्या मात्र उजवीकडे कुठेतरी लांब, कुणी मधलं दार लावून घेतल्यासारख्या.

"आता काय फिरवलंत तुम्ही?"

"हातही लावला नाही, साहेब. हेडफोन उलटा घातलाय तुम्ही."

त्याने तो काढून सुलटा घातला. साळुंक्या आल्या, नळ गेला. परत उलटा केला. नळ आला, साळुंक्या गेल्या. दुकानदार काही बोलणार होता, पण बायकोने त्याला हातानेच थांबवलं.

त्याने हेडफोन उतरवला. हेडफोनची वायर तो सावकाश गुंडाळत राहिला, गुंडाळून झाली तरी.

"यंत्र चांगलं आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "मी उगाच बोललो."

बायको उठली आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तेव्हा मी उजवीकडे बसायचे. दुसऱ्यांदा धीर झाला नाही."