तेजोवतीची दारं

धोंडिबाने हातातली थापी खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि शिडीवर चढलेल्या राजेश्वरीला सरळच विचारलं,

"ताई, ह्ये शहर पडलं कशानं?"

राजेश्वरी कमानीला हिरवट रंग मारून शेवाळं चढवत होती. "जादू संपली म्हणून," ती मान न वळवता म्हणाली.

"जादू संपली, ते ठीक. पन भिंत कशानं पडली?"

आता घ्या! कान्हे गावाच्या पुढे माळावर एका मालिकेसाठी तेजोवती नावाचं अख्खं जादूचं शहर उभं राहत होतं. उभं म्हणजे, पडलेलं. मागचे मनोरे थर्माकोलचे. पुढची अकरा घरं मात्र खऱ्या दगडाची, कारण कॅमेरा तिथवर जाणार. त्या दगडासाठी धोंडिबाला बोलावलं होतं. बहात्तर वर्षांचा गवंडी, पंचक्रोशीतली निम्मी जोती त्याच्या हातची. जन्मभर ओळंब्यात भिंत धरणाऱ्याला वाकडं बांधायला सांगायचं म्हणजे सुगरणीला भात करपवायला सांगण्यासारखं. बरं, तेही त्याने केलं असतं. पण भिंत कुठल्या अंगाला कलती ठेवायची, हे कुणी सांगायला नको?

"पाणी शिरलं तर पाया खचतो," तो समजावू लागला. "भूकंपात कोपरं सुटत्यात. आग लागली तर आढं आधी जातं. आन् कुणी पाडलं आसंल, तर दगडावर पहारीचं वण दिसत्यात. मग ह्ये पडलं, का पाडलं, का सोडलं?"

राजेश्वरी शिडीवरून उतरली. तळेगावची ही मुलगी पहिल्यांदाच स्वतंत्रपणे नेपथ्य करत होती, आणि ओंकारने, म्हणजे दिग्दर्शकाने, ते दोनदा नापास केलं होतं. "खोटं वाटतंय," एवढंच तो म्हणायचा. काय खोटं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आज चार वाजता तो पुन्हा येणार होता. या वेळीही जमलं नाही तर दुसरा माणूस बोलावणार, हे त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

तिने मोबाइलवर पटकथा उघडली. 'शंभर वर्षांपूर्वी कोसळलेली तेजोवती.' बस, एवढीच ओळ. तिने लेखकाला फोन लावला.

"लेखक म्हणतोय, तुम्हीच ठरवा," ती म्हणाली.

"मंजी त्यालाबी ठावं न्हाई? उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

एवढ्या काळजीतही तिला हसू आलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ती दगडावर बसली आणि बराच वेळ पडक्या घरांकडे बघत राहिली.

"सोडलं," शेवटी ती म्हणाली. "जादू आटत गेली, तशी माणसं एकेक करून निघून गेली. मेलं कुणी नाही."

"कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही."

धोंडिबाला बरं वाटलं. का वाटलं, देव जाणे. मग त्याने घरांवरून नजर फिरवली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मग ही दारं हितं काय करत्यात?"

दारं देखणी होती, कोरीव, निळे खडे जडवलेली, एकेका बिजागरीवर लोंबणारी. सगळ्या सेटमध्ये ओंकारला आवडलेली एकच गोष्ट म्हणजे ती दारं.

"जाणारा मानूस दार मागं ठेवत न्हाई, ताई. चौकट आधी निघती. ती बसवताना नारळ फोडल्याला आसतो, खण बांधल्याला आसतो. चौकट, आढं, तुळया, पाटा-वरवंटा, समदं बैलगाडीत. मागं ऱ्हात्यात नुसत्या भिंती, आन् चौकटीएवढं भगदाड."

"आठ दिवस कोरत बसलोय मी!" पवन सुतार ओरडला. "आबा, तुमचं काय जातंय?"

दारं काढली आणि ओंकार भडकला तर? राजेश्वरीने घड्याळाकडे पाहिलं, दारांकडे पाहिलं.

"काढ," ती पवनला म्हणाली.

दोन वाजेपर्यंत दहा घरं बोळकी झाली. भगदाडांतून पलीकडचे डोंगर दिसू लागले. पवन कुरकुरत अकराव्या दाराला हात घालणार, तोच धोंडिबा म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ दे. त्याला कुलूप लाव."

"का?"

"आसतंय एखादं घर तसं."

विचारत बसायला वेळ नव्हता. पवनने लोंबणारं दार सरळ बसवलं, आपल्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप काढलं, त्याला गंजाचा रंग फासला आणि कडीत अडकवलं.

ओंकार चारला आला. घराघरांतून एकटाच फिरला. एका भगदाडाशी थांबून त्याने रिकाम्या कडेवरून हात फिरवला.

"दारं कुठे गेली?"

"बरोबर नेली," राजेश्वरी म्हणाली.

त्याचा चेहरा पालटला. शेवटच्या घरापाशी त्याने कुलूप हातात धरलं.

"आणि हे?"

"यांना परत यायचं होतं."

"फर्स्ट क्लास!" त्याने टाळी वाजवली. "उद्या पहिला शॉट हाच. नायक लाथ मारून हे दार फोडेल. आत काय आहे ते लोकांना कळायला नको?"

"न्हाई," धोंडिबा म्हणाला.

सगळे वळले. गवंडी दिग्दर्शकाला नाही म्हणतोय!

"लाथ नका मारू. हात जोडतो."

ओंकारने राजेश्वरीकडे पाहिलं, आवर तुझ्या माणसाला अशा अर्थाने. सेट तर पास झाला होता. ती नुसती गप्प राहिली असती तरी तिचं नाव राहणार होतं.

"दार फुटणार नाही, सर," ती म्हणाली. "नायक कुलपाला हात लावेल आणि पुढे जाईल. नसेल पटत, तर दुसरा माणूस बोलवा."

"आत काय आहे, ते मला तरी सांग."

"मला माहीत नाही."

ओंकार आठवड्यात पहिल्यांदाच हसला. "बरं. जाईल पुढे."

त्याची गाडी गेल्यावर ती धोंडिबाकडे आली. तो घमेल्यातल्या पाण्यात थापी धूत होता.

"आबा, असं कुलूपबंद घर तुम्ही बघितलंय ना? आत काय होतं?"

त्याने थापी दोनदा धुतली, तरी तिसऱ्यांदा पाण्यात बुडवली.

"एकोणीस वर्साचा व्हतो. धरणात जायच्या गावात घरं पाडाया गेलतो, टोळीसंगं. समद्यांनी चौकटी नेलत्या. सरुबाई म्हणून एक म्हातारी व्हती, ती तेवढी कुलूप लावून गेलती. मुकादम म्हनला, फोड. म्या पहार घातली. आत काय आसंल, लय हौस व्हती बगायची."

"मग?"

"काय बी न्हाई. रिकामं घर. सारवल्यालं." ओल्या तळव्याने त्याने हवेतच एक अर्धगोल काढला. "जाताना सारवून गेलती, बग. वलं व्हतं अजून. मला काय ठावं? गेलो तसाच आत."

तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

"पावलं उमटली माझी," तो म्हणाला.