सहावी नापास

माझी नात खराडीला कंपनीत जाते. मैत्रिणींना ती हसत हसत सांगते, आमची आजी सहावीत दोनदा नापास झालेली. हसू दे बापडी. मी नर्स झाले, दोन्ही मुली शिकवल्या, कोथरूडला घर केलं, हे सगळं त्या दोन नापासांवर उभं आहे. आणि मला नापास केलं मंदाकिनीबाईंनी.

बाई पेठेतल्या. आमचं वारजे तेव्हा खेडं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत बस, पुढे चिखल तुडवत पायी यायच्या. बोलणं असं, की समोरच्याने हसावं की रडावं कळू नये. "उशीर झाला? काही हरकत नाही, शाळा संध्याकाळपर्यंत आहे," असं दारातच ऐकवायच्या. पण घरोघर फिरून मुली शाळेत आणल्या त्या त्यांनीच. माझे वडील दत्तोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते माझ्या थोरल्या बहिणीला, मैनेला, शाळेतून काढायला निघाले तेव्हा बाई आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या. "सातवी होऊ द्या. मग तुमच्या मनासारखं करा."

आबांनी त्यांचं ऐकलं. मैना सातवी चांगल्या गुणांनी पास झाली. बाईंनी वर्गात पेढे वाटले. त्याच वैशाखात आबांनी मनासारखं केलं, मैनेचं लग्न लावलं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती बाळंतपणाला घरी आली आणि आमच्याच घरात गेली. पंधरा वर्षांची होती. मूल तेवढं जगलं.

तेराव्याचं जेवण तिच्या सासरी झालं. हात धुता धुता तिचा सासरा माझ्याकडे बघून आबांना म्हणाला, "लेकराला आई पायजे. धाकटीला द्या." मैनेचा नवरा सर्जेराव मान खाली घालून बसला होता. सगळी भावकी समोर. आबांच्या तोंडून "नाही" निघालं नाही. म्हणाले, "हिचीबी सातवी होऊ द्या. मग न्या." मी तेव्हा सहावीत होते.

उन्हाळ्यात निकाल लागला. पास झालेल्यांत माझं नाव नव्हतं. वासंती, माझ्या शेजारी बसून माझं बघून गणितं सोडवणारी, ती पास! मी संतापाने रडले. दुसऱ्या दिवशी आबांनी मला दंडाला धरून शाळेत नेलं.

"पोरगी हुशार हाय. समदी म्हनत्यात. नापास कशी झाली?"

"मी केली म्हणून," बाई म्हणाल्या.

"आसं कसं करता, बाई?"

"सातवीचे पेपर बाहेर तपासतात. तिथे माझा हात पोचत नाही. सहावी माझ्या हातात आहे." बाईंनी डस्टर उचललं, पुन्हा टेबलावर ठेवलं. "दत्तोबा, मैना पास झाली. पुढे काय झालं ते तुम्ही खांद्यावरून नेलंत."

मला वाटलं, आता आबा अंगावर धावून जातात. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराआडच थांबले.

"बाई, मी भावकीत शब्द दिलाय. माघारी घेता येत न्हाई. पर सातवी झाल्याबिगर न्यायची न्हाई, ह्योबी शब्दच हाय." आबांचा आवाज फुटत होता. "म्होरल्या सालीबी हिला नापास करा."

आबांना रडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. पण खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. त्या वयात नापास होण्याची लाज मरणापेक्षा मोठी वाटते. वर्षभर पोरं मला ढ म्हणायची, मी बाईंकडे खाऊ की गिळू अशी बघायचे, आणि बाई मला आठवीची गणितं घालायच्या. परीक्षेत मी सगळं बरोबर लिहिलं. पुन्हा नापास.

आता मात्र सर्जेरावाच्या घरच्यांचा धीर सुटला. "आसली ढ पोरगी लेकराला काय वळण लावनार?" असं म्हणून त्यांनी मला सोडून दिलं. आईने देवापुढे साखर ठेवली. साखरेला मुंग्या लागायच्या आत कळलं, की त्यांनी गावातलीच दुसरी पोरगी पसंत केली. वासंती. नुकतीच सातवी पास झालेली. तिच्या बापालाही बाईंनीच घरोघर फिरताना सांगितलं होतं, सातवी होऊ द्या.

लग्नाला बाई आल्या. अंतरपाटाआड वासंती उभी होती. मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या, तिला त्या सावरताही येत नव्हत्या. मैनेचं पोर कुणाच्या तरी कडेवर झोपलं होतं. मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते. बाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, मूठ मिटून. आबा मला घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, तुमच्यामुळं माझी पोर वाचली."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या समोर वासंतीकडेच बघत होत्या.

"तुमची वाचली," त्या म्हणाल्या. "तीही माझीच होती. सहावीत मीच पास केली तिला."