दीर्घायुष्याचे अकरा फोटो

मिनग्योच्या तोंडून ‘भावना’ हा शब्द आला की सोल्हीला मळमळायचं. आणि तो तर त्याच्या तोंडात च्युइंगगमसारखा कायमच असायचा. या अक्षरांत भावना नाही. या हिरव्यात भावना कमी पडतेय. म्हातारीच्या डोळ्यांत अजून थोडी भावना घाल. कपातले नूडल्स सुर्र करून ओढत, मॉनिटरवर रश्श्याचे शिंतोडे उडवत तो हे सांगायचा आणि सोल्ही मुकाट्यानं माऊस हलवायची. करते काय! तो गटाचा म्होरक्या होता, दोन वर्षं पुढचा होता, शिवाय डिझाइन हा त्याचा मुख्य विषय होता. त्याला ‘सनबे’, म्हणजे सीनियर दादा, म्हणायचं आणि मान तुकवायची. सोल्हीचा डिझाइन म्हणजे दुय्यम विषय.

तिचा मुख्य विषय तत्त्वज्ञान. त्यावर उद्या कोणी नोकरी देणार नाही, हे पहिल्याच वर्षी लक्षात आल्यावर तिनं जोडीला डिजिटल माध्यमं आणि ग्राफिक डिझाइन घेतलं. विभागात दुय्यमवाल्यांना किंमत शून्य. गटात घ्यायचं, फोटोंमागची पार्श्वभूमी कापायला बसवायचं आणि सादरीकरणाच्या दिवशी मागच्या रांगेत उभं करायचं, एवढीच त्यांची पायरी. सोल्हीनं हे सगळं गिळलं. आता शेवटचा एक गटप्रकल्प उरला होता. त्यात गुण मिळाले तर पदवीवर डिझाइनचं नाव छापून येणार होतं. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

प्रकल्पाची कल्पना तिचीच होती. तिच्या गावी, सोमगोलला, म्हाताऱ्यांचे दीर्घायुष्याचे फोटो काढून द्यायचे. म्हणायचं दीर्घायुष्याचा फोटो, ठेवायचा कपाटात, आणि तो बाहेर निघणार एकदाच, आपल्याच अंत्यविधीला. तरी जितेपणी काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. ही कल्पना ऐकून मिनग्यो खुर्चीतून उठलाच. “अरे, यात तर खचाखच भावना आहे!” म्हणाला. पुढच्या आठवड्यात विभागात सगळीकडे ती त्याची कल्पना झालेली होती.

सोमगोलला सोल्हीच्या आईचं पार्लर आहे. गावातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांचे केस तीच करते, आणि सगळ्यांचे एकाच साच्यातले. बारीक, घट्ट, कुरळे. एकदा केले की चार महिने कंगवा नको. फोटोच्या आदल्या दिवशी आईनं एकामागून एक अकरा जणींना खुर्चीत बसवलं. पार्लरवालीची पोर आपले फोटो काढणार म्हणून त्या आल्या होत्या. परक्या कॉलेजच्या पोरांपुढे त्यांनी तोंड वर केलं नसतं.

विरंगुळा केंद्रात पांढरा पडदा लावला होता. जोम्ने आजी सगळ्यांत शेवटी बसली, पण आधी तिनं सोल्हीला कोपऱ्यात ओढलं.

“पोरी, माझ्यासारखाच येईल न्हवं?”

“येईल की, आजी.”

“न्हाय, आमच्या ह्यांचा फोटूच न्हवता. समुद्रावर गेले ते गेले. मग वळखपत्रावरला टिकलीएवढा फोटू मोठा करून लावला. असा फिसकटला, की माझी नणंद दारात येऊन इचारतीया, ‘ह्यो कोन?’ सख्खी भैन! मला तसं नगं बाई. येनाऱ्याला कळाय पायजे, जोम्ने गेली म्हनून.”

“कळेल. शब्द देते.”

“उगंच गोरीगोमटी करू नगंस.” मागून बुन्नाम आजी ओरडली, “हिला कर गं, निदान मेल्यावर तरी बघवंल!” आणि अकराही जणी खिदळल्या. या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, एकमेकींना शिव्या दिल्याशिवाय त्यांना जेवण पचायचं नाही.

शहरात परतल्यावर काम सुरू झालं आणि सोल्हीची खरी परीक्षाही. अशा फोटोला रेशमी पोशाख हवा, पण अकरा जणींना अकरा आणायचे कुठून? मिनग्योनं जेडच्या हिरवट रंगाची चोळी घातलेल्या कुठल्याशा मॉडेलचा तयार फोटो शोधला. तिची मान कापायची आणि प्रत्येक म्हातारीचं डोकं त्या धडावर चिकटवायचं. हे तर सगळे स्टुडिओवाले करतात, म्हणून सोल्हीनं केलं. मग तो म्हणाला, धड पंचविशीचं आणि चेहरा पंच्याऐंशीचा, विजोड दिसतंय, सुरकुत्या थोड्या उतरव. तिनं उतरवल्या. मग हनुवटी. मग डोळ्यांखालच्या पिशव्या. जोम्ने आजीचा एक डोळा जरा बारीक होता, तो दुसऱ्याइतका केला.

“हात चांगला आहे गं तुझा,” मिनग्यो म्हणाला. “दुय्यमवाली वाटत नाहीस.”

तीन वर्षांत विभागात कोणी तिला बरं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मेलीला इतका आनंद झाला, की पुढचे चार चेहरे तिनं न सांगताच घासूनपुसून लख्ख केले. सगळ्यांवर शेवटचा हात मिनग्यो स्वतः मारणार होता. तो त्यानं मारला आणि फाइल्स परस्पर छपाईला धाडल्या.

विभागातल्या प्रकल्पांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सोल्ही दालनात पोचली तेव्हा फोटो भिंतीवर चढले होते. प्रत्येक चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून, मेलेल्याच्या फोटोला सोडतात तशी, काळी फीत खाली सोडलेली. भिंतीशी लांबलचक टेबल, त्यावर मयताला ठेवतात ती पांढरी शेवंती. वर नाव: ‘शेवटचा सेल्फी’. फोटोतल्या चेहऱ्यांकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिला फक्त त्या फिती दिसल्या.

“सनबे, हे काय आहे? जिवंत आहेत त्या!”

“तीच तर गंमत आहे. जिवंत माणूस, पण काळी फीत. बघणारा हादरतो.”

“गंमत? उद्या त्या येणार आहेत इथं. मी बोलावलंय त्यांना.”

“मस्त! त्यांच्या प्रतिक्रिया शूट करू. मी हे एका स्पर्धेलाही पाठवतोय, तिथं व्हिडिओ लागतोच.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कपट असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिथं काहीच नव्हतं. साबण लावून धुतल्यासारखा गुळगुळीत आनंद. ती तडक प्रकल्पाच्या मार्गदर्शक ब्योन मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून भिंत बघितली आणि सुस्कारा सोडला.

“प्रभावी आहे. खूपच. सोल्ही, दुय्यम विषयाच्या मुलांचा हाच घोटाळा होतो बघ. तुम्ही माणसांत अडकता. संकल्पनेपर्यंत पोचतच नाही.”

“मॅडम, माझ्या गावच्या बायका आहेत या.”

“म्हणूनच म्हणते, थोडी लांब उभी राहून बघ.” मग मधाळ आवाजात त्या म्हणाल्या, “गुण गटाला मिळतात, एकेकट्याला नाही. लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. तिथल्या तिथं त्या फिती ओढून काढाव्यात असं सोल्हीला वाटलं. एका चौकटीपर्यंत तिचा हात गेलाही. पण डोळ्यांपुढे पदवीचा कागद आला, आणि हात खाली आला. शेवटी तिनं मिनग्योच्या विनवण्या केल्या. प्रदर्शनाचे परीक्षक सकाळी लवकर येऊन जातील, त्यांना काय दाखवायचं ते दाखवा, पण म्हाताऱ्या यायच्या आत फिती उतरवा. मिनग्यो म्हणाला, “बरं बाई, उतरवतो. रडू नकोस.” तिनं विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

त्याच रात्री ती गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी सोमगोलहून अकरा जणींना बसमध्ये घालून घेऊन आली. वाटेत उकडलेली रताळी खाल्ली, गाणी झाली. त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. बुन्नाम आजीनं लिपस्टिक लावली होती, आणि ती दातांनाही लागली होती.

दालनाच्या दारात सोल्ही थबकली. फिती तशाच होत्या. शेवंतीही तशीच. आणि मिनग्यो तिपाईवर कॅमेरा लावून सज्ज.

ती काही बोलणार तेवढ्यात म्हाताऱ्या तिला मागे टाकून आत शिरल्या आणि एकदम गप्प झाल्या. गाणी, खोकला, पिशव्यांची खसखस, सगळं थांबलं.

“अगं बया,” जोम्ने आजी हलक्या आवाजात म्हणाली. “कोन गेलं गं हे? येवढ्या जनी येकदम?”

“बस उलटली आसंल कुटं,” दुसरी एक म्हणाली. “सगळ्या येकाच गावच्या दिसत्यात. केस बघा की. येकीनंच केल्यात.”

“आपल्याच वयाच्या,” बुन्नाम आजीनं लिपस्टिकवर रुमाल दाबला. तिला लाज वाटली होती, अशा ठिकाणी रंगून आल्याची.

तेव्हा कुठे सोल्हीनं फोटो नीट बघितले. मिनग्योनं शेवटचा हात कसला मारला होता! जेड रंगाच्या अकरा चोळ्या, अकरा कुरळी डोकी, आणि त्यांच्यामध्ये एकच तुकतुकीत, उकडलेल्या अंड्यासारखा चेहरा अकरा वेळा. म्हाताऱ्या त्या चेहऱ्यांसमोर उभ्या होत्या आणि स्वतःलाच ओळखत नव्हत्या.

“सामान ठिवा गं खाली,” जोम्ने आजीनं हुकूम सोडला. “आलोच हाय तर पाया पडून पुढं जाऊ. आसं तोंड फिरवून जाऊ नये.”

त्यांनी पिशव्या भिंतीशी लावल्या. बूट काढले. एकमेकींच्या खांद्याचा आधार घेत, कण्हत, त्यांनी गार फरशीवर रांगेत गुडघे टेकले आणि त्या वाकल्या. मग हातांवर जोर देऊन उठल्या आणि पुन्हा वाकल्या. जिवंत माणसापुढे एकदा वाकतात, मेलेल्यापुढे दोनदा.

“थांबवू नकोस!” मिनग्यो सोल्हीच्या कानाशी पुटपुटला. त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. “हे मागून मिळणारं नाही. काय भावना आहे यार!” पलीकडे ब्योन मॅडम छातीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि दोन्ही परीक्षक, ज्यांना लवकर येऊन जायचं होतं, ते फोन उंच धरून टिपत होते.

सोल्हीला शिसारी आली. मिनग्योची, मॅडमची, त्या उंच धरलेल्या फोनांची, शेवंतीच्या वासाची. आणि सगळ्यांत जास्त, कालच्या तिच्या त्या खाली आलेल्या हाताची. तिनं कॅमेऱ्यावर तळवा ठेवला आणि तिपाई आडवी केली. दाणकन आवाज झाला.

“वेडी झालीस का? गुण हवेत ना तुला?” मिनग्यो किंचाळला.

“ठेवा तुम्हालाच. चाटून खा.”

ती भिंतीकडे गेली आणि एकेक फीत ओढून काढू लागली. अकराही काढल्या, त्यांचा बोळा करून शेवंतीत फेकला. म्हाताऱ्या अजून फरशीवरच होत्या, तोंडं वर करून बघत.

“अगं, मेलेल्यांचं हाय ते!” बुन्नाम आजी दटावून म्हणाली.

“कोणी मेलेलं नाही, आजी.” सोल्ही म्हणाली. “तुमचेच आहेत हे. हे तुमचे फोटो.”

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग एकीनं दुसरीकडे बघितलं, दुसरीनं भिंतीकडे. कोणीतरी “आग्गं” म्हणालं. बुन्नाम आजी फरशीवर बसल्या बसल्या हसायला लागली, मोठमोठ्यानं, दातांवरची लिपस्टिक दाखवत. “म्हंजी सोताच्याच पाया पडले की मी! आन् ते बी दोनदा! आता मेलेच हाय तर मातीचं जेवान कुटाय?” पण तिच्यामागून कोणी हसलं नाही, तेव्हा तिचंही हसू विरलं.

मॅडम पुढे झाल्या. “आजी, ही एक कलात्मक मांडणी आहे. याचा अर्थ असा की...”

“तुमी जरा गप ऱ्हावा,” जोम्ने आजी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. ती गुडघ्यावर हात दाबून उठली. पायात नुसते मोजे, तशीच भिंतीपर्यंत गेली. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सावकाश चालली, प्रत्येकापुढे मान वर करून थांबत. परत फिरली आणि सोल्हीपुढे उभी राहिली. आवाजात राग नव्हता. असता तर सोल्हीला सोसला असता.

“बरं. ह्यातली मी कंची?”

सोल्हीनं भिंतीकडे पाहिलं. या चेहऱ्यावर तिनं सबंध दुपार घालवली होती. एकेक सुरकुती पुसली होती, डोळा मोठा केला होता. डावीकडून तिसरा असावा, तिला वाटलं. तिनं हात उचलला.

“ती मी न्हाय व्हय?” बुन्नाम आजी खालून म्हणाली. “कान माझा दिसतोय.”

सोल्हीचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तो चौथ्या फोटोकडे वळला, मग सातव्याकडे. भिंतीवरच्या सगळ्या तिच्याकडे बघून सारख्याच हसत होत्या. छपाईवाले चौकटीच्या पाठीवर नाव चिकटवतात. तिनं तिसरी चौकट खिळ्यावरून उचलली आणि उलटी केली.

“मागं बघून सांगावं लागतंय व्हय गं?” जोम्ने आजीनं विचारलं.