खाचेत अडकलेला धागा

मित्रांनो, माझ्या टोकांना बारीक खाचा आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना पोलादी चिमटा आहे. माझं तरुणपण सातासमुद्रापलीकडच्या दियामांतीना गावात एका घड्याळजीच्या मेजावर गेलं. तो वारल्यावर अदाल्जीझाबाईंनी मला घरी आणलं.

बाई निवृत्त शिक्षिका. परसात त्यांनी किडे खाणारी झाडं जमवली होती, चांगल्या साठ कुंड्या. वाळलेली पानं उचलायची, नाजूक रोप धरून लावायचं, ही कामं माझी. "माणसाचा हातसुद्धा इतका हलका नसतो," असं त्या शेजारणींना सांगत आणि मी फुशारून जाई.

कोपऱ्यातली एक लहान कुंडी त्यांना जिवापाड प्रिय होती. तिच्यात दवबिंदूचं नखाएवढं तांबूस रोप होतं, पानांवर चिकट थेंब घेऊन बसलेलं. बाईंचा धाकटा भाऊ निवाल्दो दगडाच्या खाणीत कामाला होता. डोंगराचा एक उतार सुरुंगाने उडवायच्या आदल्या दिवशी त्याने हे रोप ओंजळीतून आणलं. उतार गेला. तसा दवबिंदू पुन्हा कुणाला दिसला नाही.

पुढे निवाल्दोने आणखी एक कुंडी आणली. तुम्ही जिला सीतेची आसवं म्हणता, तिच्याच कुळातली वनस्पती. वर इवली पिवळी फुलं, मातीत केसासारखे धागे आणि धाग्यांना किडे गिळणाऱ्या पिशव्या.

"घे ताई, ही काही केल्या मरत नाही. अगदी तुझ्यासारखी."

"मेल्या, जेवायला आलायस की टोमणे मारायला? बस, घेवडा शिजलाय."

वर्षभरात पिवळी फुलं शेजारच्या कुंड्यांत दिसू लागली. बाई हट्टाला पेटल्या. रोज सकाळी मला घेऊन धागे उपटायला बसत. या कुंडीतून त्या कुंडीत, तिथून पुढच्या. धागा तुटे आणि त्याचा तुकडा माझ्या खाचेत अडकून राही. तेवढ्या तुकड्यातून नवं रोप धरतं, मित्रांनो. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

सगळ्यांत शेवटी त्या कोपऱ्याकडे वळत. "इथं काही नाही, पण एकदा बघून घेते," म्हणत आणि माझी टोकं त्या स्वच्छ मातीत खुपसत.

तीन महिन्यांत त्या कुंडीवर हिरवी साय धरली. दवबिंदू तिच्याखाली दबून काळवंडला. बाईंनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन धागे ओढले, तर त्यांच्यासोबत त्याचं मूळच वर आलं. ते माझ्याच टोकात होतं.

निवाल्दो आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "चूक माझी, ताई. मीच ती कुंडी आणली."

बाईंनी मला चष्म्याजवळ धरलं. खाचेत एक हिरवा धागा होता. त्यांनी एकदा धाग्याकडे, एकदा कुंड्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"तुमच्या सुरुंगातून वाचलं होतं रे ते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून गेलं."

तेव्हापासून मी खिडकीतल्या डब्यात गंजत पडलो आहे. समोर कोपऱ्यातली कुंडी पिवळ्या फुलांनी भरली आहे. बाई ती फुलं आता उपटत नाहीत. मित्रांनो, हातात अवजार घ्याल, तेव्हा एका कुंडीतून दुसरीत जाण्याआधी ते पुसा. चिंधी तर रोज माझ्या शेजारीच असायची.